पांढरी पिसं

पौष संपता संपता मोठ्याने पाड्यावरचं तिसरं कुत्रं नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला निघालेल्या बायका ओहळाकडे न जाता दामूच्या अंगणात आल्या. रिकामे हंडे त्यांनी खाली ठेवले. कोणी बसलं नाही.

पाड्यावर बिबट्याचं नाव घेत नाहीत. मोठा म्हणतात, नाहीतर नुसतं तो. मासवणहून मनोरकडे जाताना डोंगराची एक सोंड रस्त्यापर्यंत येते, तिच्या मागे हा पाडा. बावीस घरं, एक ओहळ, आणि ओहळाच्या वरच्या अंगाला उंबराखाली शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. नळ आला होता, नळाला पाणी अजून यायचं होतं. मोठा याच ओहळाने वर्षानुवर्षं खाली उतरत आला होता आणि उजाडायच्या आत वर जात आला होता. त्याच्या वेळा दामूच्या बापाला ठाऊक होत्या, म्हणून बायका पाण्याला निघाल्या की बाप घुंगरं बांधलेली काठी घेऊन पुढे चालायचा. बाप गेला आणि काठी दामूकडे आली. काठी वाजली की वाट मोकळी आहे असं बायका समजत. तीस वर्षं समजत आल्या होत्या.

पाड्यातली सगळ्यांत जुनी म्हातारी कमळीबाय पुढे झाली.

"दामू, तू बोलतंस तो आपल्या वाटेनं जातो. मग आता थांबतो कशाला?"

"थांबत नाय."

"कुत्रं माझ्या दाराशी झोपलेलं व्हतं. दारातनं उचलून नेलं, त्याला थांबणं नाय बोलत तर काय पावणा आला बोलतात?"

एरवी बायका हसल्या असत्या. दामूने काठी हातात घेतली, पुन्हा भिंतीला टेकवली.

"बघतो मी," तो म्हणाला. "माझंच काय तरी चुकत असेल."

चुकत असेल ते त्याने आधी खड्ड्यात शोधलं. खड्डा त्याच्या माळावर होता. माळ ओहळाच्या अलीकडे, रस्त्याच्या अंगाला; पाडा आणि दामूचं घर पलीकडे. दोन हिवाळे झाले, दामूचा धाकटा भाऊ केदार या माळावर तंबू लावत होता. शनिवार-रविवारी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली माणसं, पार मुंबईची माणसं बायकापोरांना घेऊन मोकळ्या हवेत राहायला यायची. केदार आधी एडवणला समुद्रकिनारी कोणाच्या तरी रिसॉर्टवर कामाला होता. तिथे त्याने हे सगळं शिकून घेतलं. तंबूंचं, पाहुण्यांचं, फोनवरचं तो बघायचा. दामूची बायको रखमा मांडवात स्वयंपाक करायची. वालाच्या शेंगा, कंद घालून तिने लावलेल्या उकडहंडीचे पाहुणे फोटो काढत. आणि जनावराचं दामूकडे होतं. उष्टंखरकटं एकूण एक गोळा करायचं, तंबूपासून लांब कमरेइतक्या खड्ड्यात टाकायचं, वर राख, राखेवर माती, मातीवर करवंदीचे काटे.

दामूने काटे ओढून काढले, फावड्याने माती उकरून पाहिली. राख होती तशी होती. कोणी पंजा लावला नव्हता. तरीही त्याने दोन दिवस खपून खड्डा छातीइतका खोल केला. तळाशी मुरूम लागला. कुदळीच्या दांड्याने हाताचा जुना घट्टा फुटला. रखमाने त्यावर हळद दाबली आणि म्हणाली, "पुरे झालं. खड्ड्याचं काय नाय त्यात."

"मग कशाचं हाय?"

ती हळदीचा डबा ठेवायला आत गेली.

शनिवारी ऊन उतरल्यावर पाहुणे मांडवात बसले. केदारने दामूला पुढे उभं केलं. दामूला चार माणसांसमोर बोलायला आवडत नसे. नजर तंबूच्या दोरीवर ठेवून तो दर वेळी तेच सांगायचा.

"दिवे लागले की एकट्यानं फिरायचं नाय. तिघं-चौघं चाला, पोरं मधी घ्या. वाटेनं बोलत चाला, त्याला आपली चाहूल लागली पायजे, मग तो बाजूला व्हतो. खाली वाकायचं नाय, उकिडवं बसायचं नाय. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाय. दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाय. उभं राहायचं, हात वर करायचे, हळूहळू मागं यायचं. आणि उष्टं टाकायचं नाय. एक हाडूकपण नाय."

तारापूरचे एक साहेब होते. त्यांनी विचारलं, "पण काका, दिसेल ना आम्हाला?"

"दिसू नये म्हणून तर एवढं सांगतो, साहेब."

सगळे हसले. केदारही हसला. "दादा घाबरवतो तुम्हाला," तो म्हणाला. "चला, माचाणावर चला. अंधार पडायच्या आत नशीब बघू."

माचाण दिवाळीच्या सुमारास आंब्यावर बांधलं होतं. बांबू दामूनेच तोडून आणले होते. त्याचं तोंड ओहळाकडे का ठेवलं, असं त्याने तेव्हा विचारलं होतं. "तिथनं पलीकडचा देव दिसतो," केदार म्हणाला होता. "शहरातल्या लोकांना आवडतं."

सोमवारी दामू ओहळाच्या वरच्या अंगाला गवत कापायला गेला. यंदा गवत कंबरभर वाढलं होतं आणि उन्हाने पार पिवळं पडलं होतं. मूठ धरायची, विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची. दव वाळेपर्यंत पात्याला गवत चिकटायचं. पश्चिमेचा वारा सुटला की कारखान्यांकडचा आंबूस वास इथवर यायचा आणि घशात बसायचा. दुपारी घाम पुसून तो देवापाशी पाया पडायला गेला, तर दगडापुढे पिसं पडली होती. पांढरी, बरीचशी, काही रक्ताने चिकटलेली.

ही तिसरी खेप होती. दामूला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वाघबारशीला पाडा इथे कोंबडा देतो तेव्हा तो इथेच शिजवतात, इथेच खातात, आणि हाडं, पिसं सगळं खोल पुरून मग घरी जातात. देवाला मान द्यायचा, पण त्याला आपल्या हातची चव लावायची नाही, असं बाप सांगायचा. आताशा लोक नवस फेडतात आणि हात झटकून निघून जातात. दामूने विळ्याच्या टोकाने खड्डा केला. पिसं वेचून त्यात टाकली, माती लोटली, वर दगड ठेवला. आधीच्या दोन खेपांनाही त्याने हेच केलं होतं. पलीकडच्या वाटेने कमळीबायचा मुलगा प्रीतम कारखान्यातून येत होता. त्याने हात केला, दामूनेही केला.

घरी आल्यावर तो रखमाला म्हणाला, "देवाकडं परत नवस फेडला कोणी तरी. पांढरी पिसं. आता देवालापण बॉयलर कोंबड्या घालाया लागले लोक."

तो आपल्याच बोलण्यावर हसला. रखमा चुलीपुढे बसली होती. लाकूड चांगलं पेटलेलं होतं, तरी तिने फुंकणी उचलली आणि ती फुंकत राहिली.

माघ लागला त्या आठवड्यात प्रीतमची बायको जागृती बाळंत झाली. आधीची दोन पोटातच गेली होती. मुलगी झाली, धडधाकट. कमळीबाय दामूच्या पडवीत येऊन टेकली. तोंडात दात नव्हते, पण हसू सगळ्या तोंडावर होतं.

"देवाला बोलली व्हती मी," ती म्हणाली. "नारळ नि तांदूळ. फेडाया पायजे. पण तो फिरतो ना त्या अंगाला?"

"दिवस वर आल्यावर जा."

"नवस का दिवस वर आल्यावर फेडतात? उजाडताना जायचं, एकट्यानं जायचं. फेडून येईतो तोंडातनं शब्द काढायचा नाय. तुझी आयपण तशीच गेली व्हती, केदार झाला तवा."

दामूने विचार केला. थांब म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण देवापाशी महिन्याभरात तीन वेळा पिसं पडलेली त्याने पाहिली होती. तीन माणसं गेली, फेडून आली, कोणाला ओरखडा नव्हता.

"जा मग," तो म्हणाला. "देव जागा हाय हल्ली. लई लोकांना पावतोय तिथं. मी येऊ काठी घेऊन, लांब उभा राहीन?"

"घुंगरं वाजली तर मुका नवस कसला? बस तू."

ती रविवारी उजाडताना गेली. दामू अंगणात दात घासत होता. आधी वानरं ओरडली, मग माणसाचा आवाज आला, एकदाच, आणि मधेच तुटला. तो काठी उचलून धावला. अनवाणी, तोंडात राख तशीच. ओहळाच्या दगडांवर दोनदा पडला. उंबराखाली पोचला तेव्हा कमळीबाय दगडाला पाठ लावून बसली होती. डोक्याची कातडी सरकून कपाळावर आली होती, उजवा कान जागेवर नव्हता, खांदा उघडा पडला होता. तांदूळ सांडले होते, त्यांत रक्त मुरत होतं. तो गेला होता. तिने नारळ अजून दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

"बोलू नको," दामू म्हणाला आणि डोक्याचं फडकं सोडून तिच्या डोक्याला बांधू लागला.

ती बोलली नाही. नवस फेडायचा राहिला होता. अंग वळवून तिने नारळ दगडावर आपटू पाहिला, आणि तो हातातून गळून पडला.

प्रीतमने आणि आणखी दोघांनी तिला झोळीत घालून रस्त्यावर नेलं. तिथून जीपमधून पालघरला.

दहाच्या सुमारास वनरक्षक बाई आल्या. भाग्यश्री त्यांचं नाव. तिशीच्या असतील, खाकी शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. त्यांनी तांदूळ पाहिले, माती पाहिली, पंजाच्या ठशावर पट्टी ठेवून फोटो काढला. मग उंबराच्या मागे गेल्या आणि तिथून हाक मारली.

"काका, इकडे या."

उंबराच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, खोडाला तार गुंडाळलेली होती. तारेला कोंबडीची आतडी, पायांचे तुकडे, पिसांसकट कातडं. काल-परवाचं असावं. माशा बसल्या होत्या. खाली जुनी हाडं, चघळलेली. दामू दर वेळी दगडाच्या पुढून पाया पडून परत फिरत आला होता. देवाच्या पाठीमागे कोणी जात नाही.

"इथे खायला मिळतं म्हणून तो थांबत होता," बाई म्हणाल्या. "म्हातारी येऊन वाकली, त्याला वाटलं आपल्या खाण्यावर कोणी आलं. कुत्र्यांचंही तेच. पाड्याजवळ रेंगाळायची सवय लावली त्याला कोणी तरी. कोणी?"

दामू तारेकडे पाहत होता. तंबूच्या खुंट्यांना बांधायची तीच तार. आणि गाठ. भाताचा भारा बांधायची गाठ त्याने केदारला शिकवली तेव्हा केदार आठ वर्षांचा होता. पोरगा डावखुरा, गाठ नेहमी उलटी पडायची. दामूने पुष्कळ हसून, रागावून पाहिलं, गाठ काही सुलटी झाली नाही.

"ठाऊक नाय," तो म्हणाला. त्याला आधी घरी जायचं होतं.

केदार पडवीत खाटेवर पडून मोबाइल बघत होता. पाहुण्यांना त्याने सकाळीच चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"तार कशाला बांधली?" दामूने विचारलं.

"कुठली?"

"देवामागं."

केदार उठून बसला. "कोणी सांगितलं?"

"तुझ्या गाठीनं."

केदारने मोबाइल उशीखाली ठेवला. बोलला तेव्हा त्याचा आवाज समजुतीचा होता, पाहुण्यांशी बोलताना असतो तसा.

"दादा, लोक इथं झोपाया येत नाय. गाद्या त्यांच्या घरी हायत. त्यांना तो बघायचाय. माचाणावरनं एकदा दिसला की बस. बोईसरच्या कोंबडीवाल्याकडं ती घाण फुकट मिळते. आठवड्यातनं एकदा बांधतो. तंबूपाशी एक तुकडा टाकला नाय मी. तुझं सगळं ऐकलं. लांब, ओहळाच्या पलीकडं बांधलं."

"ओहळाच्या पलीकडं पाडा हाय."

"तूच बोलतंस ना, तो माणसाला काय करत नाय?"

"आपल्या वाटेनं जाऊ दिला तर, बोलतो मी."

रखमा मोरीपाशी उभी होती. तिच्या पायाशी झाकणाची निळी बादली उपडी घातलेली होती. ही बादली कशाची, असं दामूला दिवाळीपासून कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. घरात फिनेलचा वास येतो, तर पाहुण्यांच्या संडासासाठी आणलं असेल, असं त्याने धरून चाललं होतं.

"तुला ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"बादली मीच धुवायची."

"मी बॉयलरचं बोललो तवा?"

"तवापण."

"कमळीबाय पडवीत बसून बोलत व्हती. चुलीपाशी तुला ऐकू येत व्हतं."

रखमाने पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली सोडला. "मला वाटलं, ह्या आठवड्याचं त्यानं अजून बांधलं नसंल. कोणाला सांगायचं नाय, शपथ घातली व्हती त्यानं. मी काय करू? सासू गेली तवा तीन वर्साचा व्हता, तुमीच आणून माझ्या मांडीवर टाकला. पोटाला दुसरं कोण आलं माझ्या? आता कुठं त्याचं बरं चाललंय."

"तिचा कान गेला, रखमा."

"वयनीला काय बोलू नको," केदार म्हणाला. "मी निस्तरतो."

त्याने कसं निस्तरलं ते बुधवारी पाड्याने पाहिलं. असलं काही झालं की पाडा देवापाशी जमतो. ज्याला बोलायचं असेल त्याने दगडावर हात ठेवून बोलायचं, अशी रीत आहे. वनरक्षक बाई जबाब घ्यायला वही घेऊन आल्या होत्या. दुपारचं ऊन झाडाखाली तुकड्या-तुकड्यांनी पडलं होतं. दामू पुढे होणार, तोच केदार उठला आणि त्याने दगडावर हात ठेवला.

"तंबू माझे हायत," तो म्हणाला. "खरकट्याचं, कचऱ्याचं काम पहिल्यापासून दादाकडं हाय. त्याचं वय झालंय. मी त्याला कधी उलटून बोललो नाय, बोलणारपण नाय. मला बापाच्या जागी हाय तो."

सगळं खरं होतं. देवावर हात ठेवून केदार खोटं बोलला नाही.

बाईंनी रखमाला विचारलं, "कचरा कोण बघतं?"

"खड्ड्याचं हेच बघतात," रखमा म्हणाली. हेही खरं होतं. दामूने तिच्याकडे पाहिलं. ती पुढचं बोलेल म्हणून तो थांबला. ती जमिनीवरच्या मुंग्यांकडे पाहत होती.

मग प्रीतम उठला. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "मी दोनदा बघितला," तो म्हणाला. "दामूकाका इथं खड्डा करून पांढरी पिसं पुरत व्हता. मला हात पण केला त्यानं. मला काय ठाऊक? आणि आयला बोलला, जा, देव जागा हाय. आयनं जीपमधी सांगितलं मला. दामू बोलला म्हणून गेली, बोलली."

पाड्याने दामूकडे तोंड फिरवलं. दामूने दगडावर हात ठेवला. शेंदूर उन्हाने गरम झाला होता.

"पिसं मी पुरली," तो म्हणाला. "नवसाची समजून पुरली. तार मी नाय बांधली. गाठ बघा. डावी गाठ हाय ती. केदारची."

"तुझी नि माझी एकच गाठ ना, दादा?" केदार हळूच म्हणाला. "मला शिकवली कोणी?"

कोणीतरी सुतळीचा तुकडा पुढे केला. "दाखव बांधून, दामू."

दामूने सुतळी हातात घेतली. फुटलेल्या घट्ट्यावर खपली धरली होती, गवताने चिरलेली बोटं नीट वाकत नव्हती. चाळीस वर्षं न बघता बांधलेली गाठ त्याने बघून बांधायला घेतली. ती सुटली. दुसऱ्यांदा बांधली ती कशीतरीच पडली, ना उजवी ना डावी. मागे कोणी तरी हसलं. वाईटपणाने नव्हे, म्हाताऱ्याला हसतात तसं. दामूने सुतळी परत केली.

"मी ऐकलं तेवढंच लिहू शकते, काका," बाई म्हणाल्या. लिहिता लिहिता त्यांनी दोनदा केदारकडे पाहिलं. मग वही मिटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दामू काठी घेऊन अंगणाबाहेर उभा राहिला. बायका आल्या. त्याला पाहून वळल्या आणि पडक्या गोठ्याच्या बाजूने, लांबच्या वाटेने ओहळावर गेल्या. पुढे जागृतीची बहीण स्टीलचं ताट चमच्याने वाजवत होती. दामूने काठी भिंतीला टेकवली. दोन दिवसांनी पाहिलं तर ती भिंतीशी नव्हती.

तंबू काही आठवडे बंद राहिले, मग पुन्हा लागले. माचाण उतरवलं. तार गेली. कमळीबाय पालघरहून परत आली, डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं. दामू तिच्या दारापर्यंत गेला. जागृती मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती बाजूला झाली नाही. आतून म्हातारी म्हणाली, "कोण हाय गं?" जागृती म्हणाली, "कोणी नाय." दामू परत फिरला.

तंबू पुन्हा लागले त्या पहिल्या शनिवारी तो माळाकडे जाणार नव्हता. पण माळापलीकडच्या गवताचे भारे बांधून परतताना वाट माळावरूनच होती. ऊन उतरलं होतं. मांडवात पाहुणे बसले होते आणि त्यांच्यासमोर केदार उभा होता. हातात घुंगरांची काठी.

"दिवे लागले की एकट्याने फिरायचं नाही," केदार सांगत होता. "तिघं-चौघं चाला, पोरं मधी घ्या. वाटेने बोलत चाला, त्याला आपली चाहूल लागली पाहिजे. वाकायचं नाही. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही."

थांबायचं कुठे, आवाज कुठे बारीक करायचा, सगळं दामूचं होतं. दामू भारा डोक्यावर तसाच घेऊन ऐकत राहिला.

"तुम्हाला एवढं कोणी शिकवलं?" एका बाईंनी विचारलं.

"माझ्या मोठ्या भावाने. हा बघा, आलाच. दादा, ये ना."

"आणि कोणाला कधी काही केलं नाही ना बिबट्याने?"

"नाही," केदार म्हणाला. "नियम पाळले तर काही करत नाही."

दामूने भारा खाली टाकला. "एक बाय हाय पाड्यावर," तो म्हणाला. "कान नाय तिला. चला, दाखवतो."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. एका बापाने मुलीला जवळ ओढलं. केदार हसला, फार मायेने.

"दादाची तब्येत बरी नसते हल्ली," तो म्हणाला. "वयनी."

रखमा चुलीपासून उठून आली. तिने दामूचं कोपर धरलं. तिच्या हाताला उकडहंडीच्या ओव्याचा वास होता, फिनेलचा नव्हता. "चला घरी," ती म्हणाली. "जेवून घ्या." त्यांच्या मागे केदारने काठी एकदा जमिनीवर आपटली, घुंगरं वाजली, आणि कोणीतरी टाळी वाजवली.

ओहळाकडे उतरणाऱ्या वाटेवर ऊन संपलं होतं. दामूने कोपर सोडवून घेतलं आणि पुढे झाला. वाटेने बोलत चालायचं, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. दोघंच असली तर दोघांनी बोलायचं. रखमा मागून येत होती. तिने एकदा घसा खाकरला. तो थांबला नाही आणि ती बोलली नाही. करवंदीच्या जाळीपाशी अंधार साचू लागला होता. इथेच वाट वाकते, इथेच मागचं माणूस पुढच्याला दिसेनासं होतं.

दामूने दोन दगड उचलले. ठक. चार पावलं चालून पुन्हा ठक. मागून येणारी पावलं ऐकत, मागे न बघता, दगडावर दगड आपटत तो ओहळ उतरला.